आयएनआर ४.८ आणि मेंदूत रक्तस्राव: पीसीसी देतानाचा माझा अनुभव

मेंदूत रक्तस्राव झालेला पेशंट कॅज्युअल्टीत आला आणि नातेवाईक म्हणाले, ‘रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे,’ की मी आधी गोळीची स्ट्रिप मागतो. डाबिगाट्रान निघालं तर उतारा वेगळा, इडारुसिझुमॅब. अपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन असेल तर आयएनआरवर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) भरवसा ठेवता येत नाही. पुढचं सगळं वॉरफरिन आणि असेनोकुमारॉलपुरतं आहे.

या दोन्ही गोळ्या व्हिटॅमिन केचं चक्र अडवतात, त्यामुळे यकृतात २, ७, ९ आणि १० हे फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं, अर्धवट तयार होतात. चार फॅक्टरवाल्या पीसीसीमध्ये (प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स कॉन्सन्ट्रेट, म्हणजे या फॅक्टरांची घट्ट केलेली पावडर) हेच चार थेट मिळतात. प्लाझ्मामध्येही (रक्तातला पेशींशिवायचा द्रव भाग) असतात, पण १५ मिलि प्रति किलो धरलं तर ७० किलोच्या माणसाला लिटरभर द्यावा लागतो. त्यात रक्तगट जुळवायचा, पिशव्या वितळवायच्या, आणि हृदय आधीच कमजोर असेल तर फुफ्फुसात पाणी भरायची भीती.

डोस वजन आणि आयएनआरवर ठरतो: २ ते ४ च्या आत असेल तर २५ युनिट प्रति किलो, ४ ते ६ ला ३५, सहाच्या वर ५०. वजन १०० किलोच्या वर असलं तरी हिशोब १०० चाच. ६२ किलो आणि आयएनआर ४.८ म्हणजे २१७० युनिट. इथे घाईत चूक होते. व्हायल (औषधाची छोटी बाटली) ‘५०० ची’ म्हणतात, पण आत नेमके किती युनिट ते लेबलवर छापलेलं असतं. ५४० असेल तर चार व्हायलचे २१६० होतात, तेवढे पुरतात, पाचवी फोडायची गरज नाही.

पावडर आणि पाणी दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. पाणी आत ओढलं गेलं की व्हायल हळूहळू गोल फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो आणि तो बसेपर्यंत थांबावं लागतं. सिरिंजमध्ये पेशंटचं रक्त मागे येता कामा नये, गुठळी तिथेच बनते. लाइन स्वतंत्र ठेवायची. वेग ०.१२ मिलि प्रति किलो प्रति मिनिट, कमाल ८.४ मिलि. म्हणजे ६२ किलोच्या या पेशंटला चार व्हायलचं ८० मिलि साधारण अकरा मिनिटांत जातं. बहुतेक तयार पीसीसीत थोडं हेपरिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) असतं, म्हणून हेपरिनमुळे प्लेटलेट पडल्याचा इतिहास आधी विचारायचा.

सोबत व्हिटॅमिन के १० मिग्रॅ, ५० मिलि सलाईनमधून २० ते ३० मिनिटांत. हे राहून जातं ते मला सगळ्यात खटकतं. फॅक्टर ७ चं अर्धायुष्य जेमतेम सहा तास. पीसीसीने खाली आलेला आयएनआर व्हिटॅमिन केशिवाय रात्रीत परत चढतो, आणि रक्तस्राव वाढल्याचं सकाळच्या सीटीत दिसतं. व्हिटॅमिन के झटकन टोचलं तर ॲनाफिलॅक्सिससारखी (जीवघेण्या ॲलर्जीसारखी) रिॲक्शन येऊ शकते.

पीसीसी संपल्यावर अर्ध्या तासाने आयएनआर, मग सहा तासांनी पुन्हा. पहिला आकडा चांगला आला म्हणून दुसरा टाळायचा नाही. पाय सुजणं, छातीत दुखणं, दम लागणं यावर लक्ष ठेवायचं, कारण आता गुठळीचा धोका उलट बाजूने येतो. हृदयात कृत्रिम झडप असेल तर व्हिटॅमिन केच्या १० मिग्रॅ नंतर रक्त पातळ करायची गोळी कित्येक दिवस नीट लागत नाही. ती पुन्हा कधी सुरू करायची आणि मधल्या काळात हेपरिन कधी, हे न्यूरोसर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांना एकत्र बसवून ठरवावं लागतं.