मागच्या चाकातला खुळखुळा

शनिवार. गेल्या महिन्यात घरीच स्पोक ओवून बांधलेलं सायकलचं मागचं चाक वाजतंय. खरं तर पहिल्या दिवसापासून वाजत असणार, मीच आपल्या कौतुकात होतो. लिफ्टपासून गेटपर्यंत सायकल हातात धरून नेली की रिमच्या आतून खुळ... खुळ... खुळ. वॉचमनकाकांनीही मान वर करून पाहिलं.

गंमत म्हणजे सीटवर बसून चार पायडल मारले की आवाज बंद. खडकवासल्याला जाऊन आलो, वाटेत चिडीचूप. सिग्नलला वेग मंदावला की पुन्हा सुरू. घरी येऊन वहीत गणित मांडलं. ७०० सीच्या (रोड सायकलच्या नेहमीच्या मापाच्या) चाकाला ताशी साधारण ७ किलोमीटरच्या पुढे रिमच्या पोकळीतला सुटा तुकडा बाहेरच्या भिंतीला दाबून बसतो आणि चाकाबरोबर गुमान फिरतो. त्याहून हळू चाललो, की वर गेलेला तुकडा सुटून खाली पडतो. चालण्याचा वेग ताशी ५. म्हणजे आत काहीतरी सुटं आहे, एवढं नक्की. प्रेस्टा व्हॉल्व्हची, म्हणजे हवा भरायच्या बारीक लांब व्हॉल्व्हची, दांडी भोकात वाजत असती, तर खड्ड्यांतून वेगातही वाजली असती. तरी मनाची खात्री म्हणून दांडीला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे मारून पाहिले. काही फरक नाही.

रविवार सकाळ. टायर, ट्यूब, रिम टेप (स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सगळं उतरवलं. कापडी टेप एकदा उचकटली की तिचा डिंक जातो, तेव्हा नवी आणून ठेवा. मग व्हॉल्व्हचं भोक खाली धरून चाक पुढेमागे हलवलं. पाचेक मिनिटांत वर्तमानपत्रावर अ‍ॅल्युमिनियमचा एक कुरळा कीस पडला, नखाएवढा. रिमला भोकं पाडताना आत राहिलेला. झालं काम, म्हणून चहा टाकला. चहा पिऊन चाक उचललं तर... खुळ. आवाज आता जास्तच स्पष्ट.

मग दुर्बीण नाही, पण मोबाइलचा टॉर्च. स्पोकच्या एकेका भोकातून आत बघत चाक बोटभर फिरवत गेलो. एकोणिसाव्या भोकाशी पिवळं चमकलं. पितळी निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळणारी छोटी नळीसारखी चाकी! लोहचुंबक आणायला जाणार होतो तो बेत तिथेच रद्द, पितळेला चुंबक काय करणार.

काढायला मात्र घाम फुटला. निपल १२ मिलिमीटर लांब, टायरच्या बाजूचं भोक ८-९ मिलिमीटरचं. त्यामुळे ते आडवंच भोकावरून घसरत पुढे जायचं. शेवटी जुना स्पोक घेतला, टोकाला दुतोंडी चिकटपट्टीचा बारीक तुकडा गुंडाळला आणि निपलच्या एका टोकाला टेकवून हळूच ओढलं. तीनदा सुटलं. चौथ्यांदा उभं झालं आणि टप्पकन पेपरवर.

आता कबुली. चाक बांधताना एक निपल हातातून निसटलं होतं. ते कपाटाखाली गेलं असं समजून मी झाडू घेऊन अर्धा तास जमिनीवर लोळत होतो. रिम ३२ भोकांची, निपल आणलेले ३६, डबीत उरलेले ३. वजाबाकी तेव्हाच केली असती तर रविवार वाचला असता.

निपल सापडलं नसतं, तर पुढचा संशय रिमच्या सांध्यावर होता. तो बहुतेक रिमना व्हॉल्व्हच्या बरोबर समोर असतो. काही रिममध्ये तिथे आतून बसवलेला जोडतुकडा ढिला होऊन वाजतो. तो बाहेर येत नाही, भोकातून एपॉक्सी सोडून जागीच चिकटवावा लागतो. माझ्यावर ती वेळ आली नाही.

सोमवार. नवी टेप, ट्यूब, टायर चढवलं. लिफ्ट ते गेट, शांत. ब्रेक शूजवळ मात्र चाक डावीकडे अजून मिलिमीटरभर आउट (वाकडं फिरतं) आहे, तो बाक पुढच्या रविवारी काढतो.