तुम्ही विचारलंत म्हणून: पिल्लं एवढी, मग पक्षी का नाहीत?

ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत ॲटवॉटर प्रेअरी चिकनचं, म्हणजे इथल्या माळावरच्या, नामशेष होऊ घातलेल्या कोंबडीसारख्या पक्ष्याचं, नाव काढलं की मला हमखास विचारतात, "दरवर्षी शेकड्यांनी पिल्लं वाढवून सोडतात ना? मग पक्षी वाढत का नाहीत?"

पिल्लं वाढवणं केव्हाच जमलंय. १९९२ पासून टेक्सासमध्ये हे काम चाललंय. ह्यूस्टन प्राणिसंग्रहालयाचं एक केंद्र तर नासाच्या जॉन्सन अवकाश केंद्राच्या आवारात आहे. अडतं ते सोडल्यानंतर.

टेक्सासमधल्या ईगल लेक गावाजवळच्या या पक्ष्यांच्या अभयारण्यात वसंतातल्या पहाटे नर आखूड गवताच्या मोकळ्या जागेवर जमतात. मानेवरची पिसं शिंगांसारखी उभी, दोन्ही बाजूंच्या नारिंगी पिशव्या टम्म फुगलेल्या. पाय थडथड आपटत ते असे घुमतात, की रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी फुंकर घालतंय असं वाटावं. माद्या मात्र घरटं करतात उंच गवतात. म्हणजे एकाच माळावर दोन्ही तऱ्हेचं गवत हवं.

आणि किडे हवेत, भरपूर. माळावर जन्मलेलं पिल्लू पहिले काही आठवडे जवळजवळ किड्यांवरच जगतं. तेच किडे फस्त करतात दक्षिण अमेरिकेतून जहाजांबरोबर आलेल्या लाल मुंग्या. ईगल लेकला जिथे मुंग्यांवर औषध टाकलं, तिथे किडे वाढले आणि जास्त पिल्लं जगली. मला या सगळ्या प्रकरणात याहून आशेची गोष्ट दिसत नाही.

जागेचं दुखणं जुनं आहे. टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यालगत सुमारे ६० लाख एकर माळ होता; त्याचा एक टक्काही धड उरलेला नाही. भातशेती आली, शहरं आली. आपल्या मराठी मंडळींची इतकी घरं आहेत ते ह्यूस्टनलगतचं केटीसुद्धा याच माळावर वसलंय. अभयारण्य जेमतेम १० हजार एकरांचं. पक्षी एवढ्याशा जागेत कोंडले, की २०१७ च्या हार्वे वादळासारखा एक पूर त्यांतले बहुतेक घेऊन जातो.

जैसलमेरच्या पैदास केंद्रात माळढोकाची पिल्लं होऊ लागल्यापासून भारतातले नातेवाईकही फोनवर खुशीने सांगतात, "आता वाचला!" मलाही आनंद होतो, पण मी लगेच विचारते, सोडणार कुठे? माळढोकाच्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या आसपासचं माळरान आपण अजून पडीकच म्हणतो.

देणगी कशाला द्यावी असंही काहीजण विचारतात. माझ्या मते आधी माळाला द्या. मुंग्यांच्या औषधाला, झुडपं माजू नयेत म्हणून माळ वेळच्या वेळी जाळण्याच्या खर्चाला, आणि गुरं राखून गवत टिकवणाऱ्या रँचवाल्यांना.