'हॅपी'नंतर काय येतं?

ऑफिसातून बाहेर जाणारी इंग्रजी पत्रं शेवटी माझ्याकडे वाचायला येतात. त्या दिवशी आलेलं पत्र जेमतेम चार ओळींचं होतं. विभागातली एक मुलगी शिष्यवृत्ती मिळवून पुढच्या शिक्षणाला चालली होती आणि विभागप्रमुखांनी तिला स्वतः निरोप लिहिला होता. पहिलंच वाक्य होतं, 'आय ॲम हॅपी अबाउट युवर लीव्हिंग.'

व्याकरणात चूक शोधून सापडणार नाही, पण वाचणाऱ्या मुलीला कळणार ते एवढंच: तू जातेयस, बरं झालं!

मी पत्र घेऊन सरांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, एका अबाउटनं एवढं काय बिघडतं?"

"सर, अबाउटच्या पुढे जे येतं, त्याचा आनंद. इथे पुढे तिचं जाणं आलंय."

त्यांचा चेहरा उतरला. त्या मुलीला त्यांनीच घडवलं होतं, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. लगेच त्यांनी अबाउट खोडून फॉर घातलं, 'आय ॲम हॅपी फॉर यू टू लीव्ह.'

खरी गोम इथेच आहे. 'हॅपी फॉर यू' म्हणजे तुझं भलं झालं, त्याचा मला आनंद. पण त्याला टू आणि क्रियापद चिकटलं की भाव पालटतो. विशेषतः ब्रिटिश इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, तू खुशाल जा, माझी हरकत नाही. रजेच्या अर्जावर हे वाक्य शोभेल, निरोपाच्या पत्रात मात्र ते फार कोरडं वाटतं. शब्दकोशात नुसतं 'हॅपी' पाहून हे हाती लागत नाही, आख्खं वाक्य वाचावं लागतं. मराठीत 'तुझ्यावर खूश' आणि 'तुझ्यासाठी आनंद' यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीत तो मुद्दाम शिकायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

'हॅपी विथ'ही त्यांनी विचारून पाहिलं. ते समाधानाचं, कामाबद्दल किंवा निकालाबद्दल. इथे उपयोगाचं नव्हतं.

मी म्हटलं, "सर, आनंद आणि वाईट वाटणं एकाच वाक्यात कोंबू नका. दोन वाक्यं करा."

त्यांनी लिहिलं, 'आय ॲम सो हॅपी फॉर यू. वुई विल मिस यू.' मी एक अक्षरही बदललं नाही. पत्र दुपारच्या आत गेलं.

मी उठले, तर सरांनी थांबवलं. अर्ज नाकारल्याचं कळवणाऱ्या आमच्या ठरीव पत्राचा मसुदा त्यांनी समोर ठेवला. सुरुवात होती, 'वुई आर हॅपी टू इन्फॉर्म यू.' कुणीतरी होकाराच्या पत्रावरून ती जशीच्या तशी उचलली होती. तिथे आम्ही 'वुई रिग्रेट' घातलं आणि मग बाकीचे मसुदेही काढून बसलो.