सम्राटाचं लुटलेलं न्हाणीघर

कोलोसियमची गर्दी नकोशी झाली, की मेट्रोने एकच स्टेशन पुढे जायचं आणि चिर्को मासिमोला उतरायचं. तिथून थोडं चाललं की कॅराकलाची स्नानगृहं. आत तुरळक माणसं. मला विचाराल तर रोमन लोकांचा आवाका कोलोसियमपेक्षा इथे जास्त कळतो.

इ.स. २१६च्या सुमारास सम्राट कॅराकलाने ती खुली केली. मुख्य इमारतच दोनशे मीटरहून लांब. विटांच्या भिंती काही ठिकाणी अजूनही ३० मीटरच्या वर आहेत. मान दुखेस्तोवर वर बघायचं, दुसरं करणार काय! आधी व्यायाम, मग गरम, कोमट, गार अशा दालनांतून फिरत शेवटी उघड्या तलावात डुबकी, असा साधारण शिरस्ता. गरम दालन मुद्दाम नैर्ऋत्येकडे काढलंय, दुपारचं ऊन आत यावं म्हणून. बाकीची ऊब भट्ट्यांची. जमिनीखालच्या बोगद्यांत गुलाम लाकडं सारत राहायचे आणि गरम हवा पोकळ फरशीखालून फिरायची. वरच्यांची चैन आणि खालच्यांचा घाम, मध्ये फक्त एक फरशी.

तलावाच्या काठाच्या दगडात ओळीने गोल खळगे कोरलेत. गोट्या किंवा अक्रोड नेम धरून त्यांत टाकायचा खेळ. आपल्या गोट्यांच्या गलीच की! एवढ्या भव्य पसाऱ्यात मी सर्वांत जास्त वेळ तिथेच रेंगाळलो.

५३७ साली गॉथ या जर्मानिक टोळ्यांनी रोमला वेढा घालून जलवाहिन्या तोडल्या, पाणी बंद झालं आणि न्हाणंही. मग उरला लुटीचा माल. आज भिंती उघड्या-बोडक्या दिसतात त्या त्यामुळे. वरच्या मजल्याच्या मोझेइकचे, म्हणजे रंगीत दगडी तुकडे जोडून केलेल्या चित्रफरशीचे, तुकडे भिंतींना टेकवून ठेवलेत, त्यांवर समुद्री प्राणी. बाकी ऐवज जगजाहीर ठिकाणी आहे: ग्रॅनाइटचे दोन टब रोममधल्याच पियात्सा फार्नेझे या चौकात कारंजी झालेत, एक खांब फ्लॉरेन्सच्या चौकात उभा आहे, पैलवानांचं मोझेइक व्हॅटिकनमध्ये. पोप तिसऱ्या पॉलच्या काळात इथून खणून काढलेला, पुराणातल्या बलदंड हर्क्युलिसचा अजस्र पुतळा नेपल्सच्या संग्रहालयात. तिकडे गेलात तर समोरून फोटो काढून परतू नका, मागे जा. दमूनभागून सोट्यावर रेललेल्या त्या गड्याने पाठीमागच्या मुठीत सफरचंदं लपवलीत.