टेम्परलीची अट

रविवार, रात्री उशिरा.

सध्या डोक्यात हॅरॉल्ड टेम्परली. केंब्रिजचा इतिहासकार, जन्म १८७९. त्याचा लाडका माणूस ब्रिटिश राजकारणी जॉर्ज कॅनिंग. १८२२ मध्ये हा कॅनिंग गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात यायच्या बेतात होता, तेवढ्यात परराष्ट्रमंत्री कॅसलरेने आत्महत्या केली आणि परराष्ट्र खातं त्याच्याकडे आलं. आपलं नशीब बरं की वाईट, कोण जाणे.

पण मला गुंतवलंय ते टेम्परलीच्या दुसऱ्याच कामाने. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीने आपले जुने राजनैतिक कागद छापायचा सपाटा लावला, तब्बल ४० खंड. युद्धाचं खापर एकट्या आपल्या माथी नको, हा हेतू उघड होता. मग लंडनलाही गप्प बसता येईना. ब्रिटिश कागद छापायला टेम्परली आणि इतिहासकार जी. पी. गूच यांना संपादक नेमलं. गूच माजी खासदार, बोअर युद्धाच्या विरोधात उभा राहिलेला. टेम्परली युद्धात लष्करी खात्यात बाल्कनचं काम पाहत होता, १९१९ ला पॅरिसच्या तह परिषदेतही होता. म्हणजे एक बाहेरचा, एक जवळजवळ घरचाच.

दोघांनी प्रस्तावनेत छापूनच टाकलं, की आमच्या मते महत्त्वाचा असलेला एकही कागद गाळायचा आग्रह झाला, तर आम्ही राजीनामा देऊ. सरकारी खर्चाने निघणाऱ्या ग्रंथात सरकारलाच अशी तंबी! मला हे भयंकर आवडलं. १९२६ ते १९३८ या काळात ११ खंड निघाले. त्यांत नुसत्या तारा आणि खलिते नाहीत, अधिकाऱ्यांचे शेरेसुद्धा आहेत. खरी मजा त्यांतच. खलिता सभ्य असतो, शेऱ्यात माणूस बोलतो. ब्रिटिश परराष्ट्र खात्यातला अधिकारी एअर क्रो, त्याचं जानेवारी १९०७ चं जर्मनीबद्दलचं लांबलचक टिपण तिसऱ्या खंडात आहे. क्रो स्वतः लाइपझिगला जन्मलेला, आई जर्मन. जर्मनीबद्दल इतका कडक इशारा त्यानेच द्यावा!

तरी एक शंका राहतेच. निवड शेवटी संपादकांचीच. राजीनाम्याची धमकी असली तरी कुठेतरी तडजोड झालीच असणार, असं मला वाटतं.

जुलै १९३९ मध्ये टेम्परली गेला, तेव्हा केंब्रिजच्या पीटरहाउस कॉलेजचा मास्टर, म्हणजे प्रमुख होता. या कामात त्याला मदत करणारी लिलियन पेन्सन १९४८ ला लंडन विद्यापीठाची पहिली महिला कुलगुरू झाली. आता तिच्याबद्दल वाचायचंय.