जादूची आणि जादुई

आज भाचीचा इंग्रजीचा अभ्यास घेत होते. वहीत तिनं 'मॅजिकल वाँड' लिहिलेलं. मी खोडून 'मॅजिक वाँड' केलं, तर लगेच प्रश्न, "का गं मावशी? अर्थ एकच ना?"

पटकन सांगताच येईना. मग दोघी उदाहरणं आठवत बसलो. मॅजिक कार्पेट, मॅजिक ट्रिक... वस्तूतच जादू, नाहीतर ती जादूच्या कामाची. आणि 'मॅजिकल इव्हिनिंग'? तिथे मंत्र नाही, तंत्र नाही, नुसतं मन हरखून गेलेलं. शिवाय 'द इव्हिनिंग वॉज मॅजिकल' असं सहज म्हणता येतं. 'मॅजिक' हे विशेषण मात्र सहसा नामाला चिकटूनच राहतं. (नियम काही दगडावरची रेघ नाही. 'मॅजिकल पॉवर्स'मध्ये खरीखुरी जादूच असते.)

पेन्सिल चावता चावता ती एकदम म्हणाली, "म्हणजे जादूची कांडी आणि जादुई संध्याकाळ!"

अगदी तेच! इतकी वर्षं दोन्ही बोलतेय, पण हा फरक आपल्या मराठीतही बसलाय हे मला कधी जाणवलंच नव्हतं. किती आनंद झाला म्हणून सांगू!

मग तिनं स्वतःचं वाक्य लिहिलं. आजीच्या अंगणातली रात्र मॅजिकल होती. खूप काजवे होते.