जमीन आमची, मग चौकीत चार तास का बसायचं?

अण्णांना फोन आला, "काका, जरा स्टेशनला येऊन जा, तुमच्या जमिनीचा अर्ज आलाय." कोणाचा अर्ज, कसला, काही सांगितलं नाही. अण्णा गेले, चार तास बाकावर बसवलं आणि शेवटी सांगितलं की समोरच्या पार्टीशी मिटवून घ्या, तोपर्यंत त्या जमिनीत नांगर घालायचा नाही. पेरणी तोंडावर. सातबाऱ्यावर आमचं नाव, पीकपाहणी आमची, वहिवाट आजोबांपासूनची, आणि समोरच्याकडे काय तर आमच्या चुलत्यांकडून हिस्सा घेतल्याचं खरेदीखत. त्या गटाचं वाटपच झालेलं नाहीये. असा हिस्सा घेणाऱ्याने कोर्टात वाटपाचा दावा लावून आपला तुकडा वेगळा करून घ्यायचा असतो, पोलिसांना घेऊन बांधावर यायचं नसतं. पण हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत होतं!

अण्णांनी तिथे एका कागदावर सही पण केली, "वाद मिटेपर्यंत जमिनीत जाणार नाही" अशी. मला अजून त्या सहीचं वाईट वाटतं. त्यांना वाटलं साहेब सांगतायत म्हणजे कायदाच असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांना तसंच वाटतं म्हणून तर हे लिहितेय.

वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं की कब्जा कोणाचा हे ठरवायचा अधिकार पोलीस स्टेशनला नाहीच. जमिनीवरून मारामारी व्हायची भीती असेल तर पोलीस फक्त रिपोर्ट पाठवू शकतात, मग कार्यकारी दंडाधिकारी (बहुतेक ठिकाणी तहसीलदार किंवा प्रांत) दोघांना नोटीस काढून, ऐकून घेऊन प्रत्यक्ष ताबा कोणाचा एवढंच बघतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं 145 कलम ते, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 164 झालंय. आणि त्यातही रिपोर्टच्या आधीच्या दोन महिन्यात कोणाला बेकायदेशीर हाकललं असेल तर कब्जा त्याचाच धरतात. म्हणजे आधी घुसायचं आणि मग ताबा दाखवायचा, हे तिथेही चालायला नको.

आणि जमीन जप्त करतो, कुलूप लावतो वगैरे जे दरडावतात ना, त्यावर सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे. 24 सप्टेंबर 2019 चा, नेवाडा प्रॉपर्टीज विरुद्ध महाराष्ट्र सरकार, म्हणजे आपल्याच राज्यातली केस. तपासात पोलिसांना मालमत्ता ताब्यात घेता येते ते जुन्या 102 कलमाखाली, आता 106, पण त्यातल्या "मालमत्ता" शब्दात जमीन, घर अशी स्थावर मालमत्ता येत नाही असं तीन न्यायाधीशांनी सांगितलं. हे मी तीनदा वाचलं, विश्वासच बसेना, कारण प्रत्यक्षात सगळे उलटंच सांगत होते.

घटनेत 300अ कलम आहे, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कातून गेला म्हणून लोकांना वाटतं की हक्कच संपला, तर तसं नाहीये, तो घटनात्मक हक्क आहे आणि सुप्रीम कोर्टाने त्याला मानवी हक्कही म्हटलंय. 2020 मध्ये हिमाचलच्या एका विधवा बाईंची केस निकाली निघाली, सरकारने 1967 मध्ये भूसंपादन न करताच त्यांची जमीन रस्त्यासाठी घेतलेली. कोर्टाने उशीर झाला म्हणून त्यांना परत पाठवलं नाही, भरपाई द्यायला लावली. पन्नास वर्षं थांबल्या त्या. ते वाचून मी अण्णांना म्हटलं आपण थांबायचं नाही.

मग आम्ही दिवाणी कोर्टात दावा लावला आणि खरेदीदाराविरुद्ध तात्पुरता मनाई हुकूम मागितला. सातबारा, फेरफार, पीकपाहणी, बँकेच्या पीककर्जाचे कागद, विहिरीचं लाईटबिल सगळं लावलं, कारण तिथे मुख्य प्रश्न हाच, आज कब्जा कोणाचा. हुकूम मिळाला. त्याची सर्टिफाईड कॉपी स्टेशनला देऊन आमच्या प्रतीवर आवक शिक्का घेतला, तो शिक्का विसरू नका, नाहीतर नंतर "आम्हाला काही मिळालं नाही" म्हणतात.

तरी नोटीस आलीच! नागरिक सुरक्षा संहितेच्या 168 कलमाची, म्हणजे जुनी 149, शांतता भंग करू नका वगैरे, आणि तोंडी परत तेच, जमिनीत जाऊ नका. पोलिसांविरुद्ध दिवाणी दावा टाकायचा तर आधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते, घाईची परिस्थिती असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन ती टाळता येते. मॅडम म्हणाल्या सरळ हायकोर्टात घटनेच्या 226 कलमाखाली रिट, म्हणजे सरकारी यंत्रणेविरुद्धची याचिका, करू. केलं. जमीन कोणाची ते हायकोर्टाने ठरवलं नाही, ते दिवाणी कोर्टाचं काम. पण सरकारी वकिलांनी सांगितलं की पोलीस दिवाणी वादात पडणार नाहीत, ते स्टेटमेंट कोर्टाने ऑर्डरमध्ये लिहून घेतलं आणि पिटीशन निकाली काढलं. मला आधी वाटलं एवढंच? तर मॅडम म्हणाल्या कोर्टात दिलेला शब्द आहे, मोडला तर अवमानाची केस होऊ शकते.

एक मात्र नीट समजून घ्या, अशी ऑर्डर म्हणजे कवच नाही. उद्या खरंच दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) झाला, कोणी कोणाचं डोकं फोडलं, तर पोलीस तपास करणारच आणि करायलाच पाहिजे. म्हणून बांधावर समोरचा कितीही चिडवू दे, हात उचलायचा नाही. आमच्या भावाला हे समजवायला मला अख्खी रात्र लागली.

आणि स्टेशनला बोलावलं तर लेखी नोटीस मागा, एकटे जाऊ नका, न वाचता सही करू नका. स्टेशनमध्ये सीसीटीव्ही लावायचा आदेश सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2020 मध्ये दिलाय, त्यामुळे किती वाजता गेलात, किती वाजता बाहेर पडलात ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि फुटेज जपून ठेवायचा लेखी अर्ज लगेच द्या. आम्ही दिला नाही, ते चार तास आम्हाला कुठेच दाखवता आले नाहीत.

पेरणी पंधरा दिवस उशिरा झाली. दावा अजून चालू आहे.